उजवीकडची पिवळी पानं

माझ्या थोरल्या दिरांना सगळी गल्ली हातोडा म्हणायची. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणणाऱ्याचे दात जागेवर राहिले नसते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, गाड्यांच्या गॅरेजात डेंटर होते म्हणून हे नाव पडलं असेल. चेपलेल्या पत्र्याला आतून लाकडाचा ठोकळा लावायचा, बाहेरून ठोकत ठोकत सरळ करायचा, हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांच्या तोडीचा माणूस शोधून सापडला नसता. पण पहिल्याच आठवड्यात जेवता जेवता त्यांनी माझ्या नवऱ्याच्या कानाखाली वाजवली. कारण काय, तर त्याने पाण्याची बाटली रिकामी करून तशीच फ्रीजमध्ये ठेवली होती. नवऱ्याने तोंडातला घास गिळला, उठला आणि बाटली भरून ठेवली. मी ताट ढकललं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं: या माणसाला त्याच्या भावापासून सोडवायचं, आणि तेही हातीपायी धड असताना.

मीही काही गरीब गाय नाही. कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसते, तिथला सुपरवायझरही माझ्याशी बोलताना दोन पावलं लांब उभा राहतो. दिरांवर मी एकदा तापलेली कढई उगारली होती. ते हसले. "शिंपीण तापली रे बारक्या," म्हणाले, आणि त्याच हसऱ्या तोंडाने बारक्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पोटात गुद्दा घातला. माझ्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. बाईवर हात टाकायचा नाही असा त्यांचा नियम होता, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा! त्यांची स्वतःची बायको मात्र वर्षभरात निघून गेली होती. तिला म्हणे त्यांनी कधी मारलं नाही, फक्त तिच्या डोक्याशेजारची भिंत फोडली होती.

मी नवऱ्याला म्हणायचे, चल इथून. तो दर वेळी तीच गोष्ट सांगायचा. सासरे पट्ट्याने मारायचे, बक्कल लावलेल्या टोकाने. ते सुरू झाले की थोरला धाकट्याच्या अंगावर पालथा पडायचा आणि सगळे फटके आपल्या पाठीवर घ्यायचा. एकदा बक्कल कानावर बसलं, रक्त आलं, आणि तो कान कायमचा गेला. "माझ्या वाटणीचा मार त्याने खाल्लाय," नवरा म्हणायचा.

"मग आता तो तुला व्याजासकट परत करतोय का?" मी विचारायचे.

गॅरेज बंद पडलं तेव्हा दिरांनी मागचं गोदाम घेतलं आणि दोघा भावांनी त्यात रोपं लावायला सुरुवात केली. खिडकी एकही नाही, लोखंडी मांडण्या, त्यावर ट्रे, आणि प्रत्येक ट्रेवर साखळीने टांगलेले एलईडीचे जांभळट दिवे. लेट्यूस, पुदिना, सॅलडची आणखी चार प्रकारची पानं. माल हॉटेलांना जायचा. डावीकडच्या मांडण्या दिरांच्या, उजवीकडच्या नवऱ्याच्या. रोप वाढलं की दिवा वर घ्यायचा, आणि किती वर, त्याचं दिरांनी ठरवलेलं माप होतं. कोपर पानांच्या शेंड्याला टेकवायचं, बोटं सरळ वर करायची, बोटांची टोकं जिथे पोचतील तिथे दिवा अडकवायचा. गॅरेजातही ते पत्र्याचा खड्डा बोटांनीच मोजायचे. टेप लावणारा माणूस त्यांच्या लेखी नवशिका. खरं सांगायचं तर माप चांगलं होतं. पहिला माल असा टवटवीत निघाला की हॉटेलवाला स्वतः टेम्पो घेऊन आला.

मग तो पंपाचा दिवस आला. नवरा पंप बंद करायला विसरला, टाकी भरून वाहिली, पाणी वायरींपर्यंत गेलं. दिरांनी त्याला कॉलर धरून बाहेर फरफटवलं. त्याने दाराची चौकट घट्ट पकडली. दिरांनी वरून शटर त्याच्या हातावर ओढलं. मी समोरून रस्ता ओलांडत होते, मला हाड मोडल्याचा आवाज तिथवर ऐकू आला. मी धावत पोचले तोवर दिरांनी त्याचं मनगट पुठ्ठ्यात बांधलं होतं. दवाखान्यात नेऊ म्हटलं तर माझ्यावरच ओरडले, "हाड कसं बसवायचं ते मला शिकवू नकोस!" आणि नवरा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू मीच काहीतरी चुकीचं बोलले. हाड जुळलं, पण वाकडं. मनगट वाकलेलंच राहिलं, बोटंही पुरती उघडेनात. दिरांनी त्या हाताकडे परत कधी पाहिलं नाही. महिनाभर मी त्यांना जेवायला वाढलं नाही. ते स्वतःचं स्वतः वाढून घ्यायचे आणि चवीने जेवायचे.

त्यानंतर पानं पिवळी पडायला लागली.

आत, त्या जांभळट उजेडात, पान पिवळं की हिरवं ते कळतच नाही. बाहेर आणलं की दिसतं. नवऱ्याच्या अंगावरच्या वळांचंही तसंच होतं, आत सगळं एकाच रंगाचं, रस्त्यावर आला की निळं-काळं. हॉटेलवाल्याने क्रेट परत पाठवले तेव्हा कुठे भानगड उघडी पडली. दिरांनी एक क्रेट उचलला आणि नवऱ्याच्या छातीवर फेकला.

डावीकडची पानं हिरवीगार होती, पिवळी होती ती फक्त उजवीकडची. बी तेच, खत तेच, पाणी एकाच टाकीतलं. मग फरक कशाचा? दिरांचा हिशोब सरळ होता: माणसाचा. दुखणं शोधायचं म्हणजे गुन्हेगार शोधायचा, आणि गुन्हेगार तर समोरच उभा. आधी म्हणाले, पाणी जास्त घालतो. पाणी तोडलं. रोपं माना टाकून बसली, पिवळी ती पिवळीच, आणि नवऱ्याच्या पाठीवर पाइपाचे फटके बसले. मग म्हणाले, खत कमी पडतंय, चोरतो आळशी. खत दुप्पट केलं. पानांच्या कडा करपल्या. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याची मान धरून तोंड खताच्या पाण्यात दाबलं. "चाख! किती घातलंस ते चाखून सांग!" तो घरी आला तेव्हा डोळे लाल, ओकाऱ्या काढत होता. मी त्याचे डोळे धुतले आणि मनातल्या मनात माझ्या दिराला दहा वेळा जिवे मारलं.

मग हवेवर आले. मुळं धुतली, ट्रे ब्लीचने घासले, नवीन बी आणलं. उजवीकडच्या पंख्याला दिरांनी लाथ घातली, त्याचं पातं तुटून उडालं आणि नवऱ्याची भुवई फाटली. मी डबा द्यायला गेले तेव्हा तो मांडणीला टेकून जमिनीवर बसला होता, अर्धा चेहरा रक्ताने भरलेला, आणि त्या उजेडात ते रक्त डांबरासारखं काळं दिसत होतं. दीर समोर उभे राहून साखळी मुठीला गुंडाळत होते.

"पुढच्या मालात एक पान पिवळं दिसलं ना बारक्या, तर तुला याच टाकीत बुडवीन. आईशपथ बुडवीन."

ते धमकी देत नव्हते, सांगून ठेवत होते. एखाद्या दिवशी हा माणूस खरंच मारेल आणि मग त्याच्या उशाशी बसून रडेल, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. नवऱ्याला चल म्हणून उपयोग नव्हता. तो येणार नव्हता. मग उरलं एकच, ती पानं.

मी उजवीकडचा एक ट्रे उचलला आणि सरळ रस्त्यावर नेऊन ठेवला. दीर मागून ओरडत होते, ओरडू दिलं. उजेडात नीट बघितलं. रोपाचे शेंडे पिवळे, जवळजवळ पांढरे. खालची पानं चांगली हिरवी. एका मोठ्या पानाखाली दुसरं पान दबलं होतं. वरचं उचललं तर खालचं पान, जेवढं झाकलेलं होतं तेवढंच, हिरवं राहिलं होतं. आमच्या कारखान्यात काचेजवळ ठेवलेल्या कापडाची वरची घडी अशीच विटते आणि आतली राहते. पाणी नाही, खत नाही, उजेड जास्त होतोय. म्हणजे दिवे जवळ आलेत.

टेप माझ्या गळ्यातच असते. आत जाऊन डावीकडे लावली, मग उजवीकडे लावली. उजवीकडचे दिवे चांगले वीतभर खाली होते. सगळेच्या सगळे, प्रत्येक मांडणीवर.

"दिवे खाली आहेत," मी म्हटलं. "पानं भाजतायत."

दिरांनी टेप हिसकावली. "तुझी टेप तुझ्या चड्ड्या-बंड्यांना लाव! आम्ही दोघं एकाच मापाने दिवे लावतो. मीच शिकवलंय त्याला." मग नवऱ्याकडे वळले, डोळे बारीक करून. "का रे? माप चुकवतोस? मुद्दाम?"

त्यांचा हात वर गेला. नवरा धडपडत उठला. "नाही दादा, नाही. तू सांगितलंस तसंच लावतो. थांब, दाखवतो." घाईघाईने त्याने कोपर पानांच्या शेंड्याला टेकवलं आणि हात वर केला. मनगट पुढे कलंडलं. बोटं आत वळली. तेवढ्यावरच दिवा होता, बोटांच्या पेरांना टेकलेला.

नवरा तसाच हात वर धरून उभा, भावाच्या तोंडाकडे बघत, बरोबर आहे ना असं विचारत असल्यासारखा. मला खरं तर ओरडायचं होतं. मी ओठ चावून उभी राहिले, कारण दिरांचा वर गेलेला हात हळूहळू खाली येत होता.

"दाखव इकडे," ते म्हणाले.

त्यांनी ते मनगट दोन्ही हातांत घेतलं. इतक्या हळुवारपणे त्यांनी काही धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. अंगठ्याने हाडावरचा उंचवटा चाचपला. "हे असं राहिलं? बोलला नाहीस कधी."

"तुला दिसत होतं की, दादा."

दिरांचे डोळे भरून आले. मी ते बघितलं, आणि एक क्षणभर, देवाशप्पथ, मला त्यांची दया आली. वाटलं, संपलं आता. तेवढ्यात ते म्हणाले, "सरळ करतो. आत्ता करतो. चुकीचं बसलंय, सरळ होईल."

"भाऊजी, सोडा!"

त्यांनी टेबलावरचा लाकडी ठोकळा ओढला, मनगट त्यावर उलटं ठेवलं आणि आपल्या छातीचं सगळं वजन दोन्ही तळव्यांवर दिलं. रडत होते आणि दाबत होते. "थोडं सोस बारक्या, थोडंच, झालं, झालं." नवऱ्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. मी मांडणीची लोखंडी पट्टी उपसली आणि दिरांच्या पाठीत घातली. ते हलले नाहीत. परत घातली, खांद्यावर, मग डोक्यावर. कातडी फाटून रक्त कानामागून गळ्यात उतरलं, तरी त्यांचे हात सुटेनात. आतलं हाड कडकन तुटलं तेव्हा ते स्वतःच मागे सरकले आणि आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

दवाखान्यात मीच नेलं. दीर मागून चालत आले, शर्ट रक्ताने माखलेला. आत सोडू नका म्हणून मी वॉर्डबॉयला सांगितलं, तरी ते दारात येऊन उभे राहिलेच. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, दिव्यासमोर धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इथे जुनंही मोडलेलं आहे. कशाने झालं हे?"

मी तोंड उघडलं. नवऱ्याने चांगल्या हाताने मला थांबवलं. औषधाने त्याची जीभ जड झाली होती, पण शब्द स्वच्छ होते. "माझ्या भावाने मोडलं. आधीचंही त्यानेच."

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे बघितलं. मला वाटलं दीर आता अंगावर येतील, टेबल उलथतील, काहीतरी फोडतील. मी खुर्चीची पाठ धरून ठेवली होती. ते म्हणाले, "हो. मीच." मग खाटेजवळ आले आणि त्याच्या केसांवरून फिरवायला हात पुढे केला.

नवऱ्याने डोकं बाजूला घेतलं.

लग्न झाल्यापासून मी हजार वेळा तो हात त्याच्यावर येताना पाहिला होता, आणि दर वेळी तो जागच्या जागी उभा राहिला होता. आज मार नव्हता, माया होती, आणि आज तो बाजूला झाला. दिरांचा हात तसाच अधांतरी राहिला.

"दादा," नवरा म्हणाला, "आता तू जा. आणि परत आमच्याकडे येऊ नकोस."

ते गेले. एवढी वर्षं ज्यासाठी झुरले ते झालं होतं, मला आनंद व्हायला हवा होता. मी नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकवून रडले, आणि त्यातलं थोडं रडणं त्या दारातून गेलेल्या माणसासाठी होतं, याचा मला अजूनही राग येतो.