कापलेला चौकोन

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आई लहानपणापासून म्हणत आली. ते मला पटलं न्हावऱ्याजवळच्या एका माळावर.

आमचं काम सांगायला सोपं. वरून ड्रोन माळाचे फोटो काढणार आणि खाली आम्ही दोरीने दहा मीटरचा चौकोन आखून त्यातलं गवत-झुडूप जातवार मोजणार. दोन्ही जुळवून संगणक सांगणार, माळावर काय काय उगवतं ते. एका माळाला एकच चौकोन, आणि त्याची जागाही संगणकानेच निवडलेली. भरपूर जाती निघाल्या तर माळ गवताचा म्हणून राहणार, नाहीतर रिकामी जमीन समजून रोपांसाठी खड्डे पडणार.

माळाला लागून आबांचं घर. वडिलांपर्यंत मेंढरांमागे फिरणारं घराणं. आता ऊस-कांदा, पण दहा-बारा मेंढरं आबांनी सोडली नव्हती, आणि ती याच माळावर चरायची. दिवाळीनंतर मी जागा पाहायला गेले तेव्हा एकेक काडी उपटून त्यांनी नावं सांगितली: पवन्या, मारवेल, शेडा. मी मात्र सलवारीत घुसलेली कुसळं काढत दिवसभर कुरकुरत होते. "आबा, या कुसळांनी जीव नकोसा केला हो," असं निघतानाही म्हणाले. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आणि एसटीने दौंडला घरी आले.

ड्रोनच्या दिवशी सकाळी पोचले तर भोवती गुडघाभर गवत आणि मधला चौकोन तेवढा बोडका. खुंटीपासून खुंटीपर्यंत विळ्याने कापलेला, वर झाडूनही काढलेला.

"आबा, हे कुणी केलं?"

"म्या. लई टोचत व्हतं न्हवं तुमास्नी? काल दिसभर बसून काढलं."

"आणि गवत?"

"कुसळं जाळली. बाकीचं मेंढरांनी खाल्लं की."

मला रडूच कोसळलं. पुण्याहून आलेल्या आमच्या सरांना हात जोडले, चौकोन चार पावलं सरकवू या म्हटलं. ते म्हणाले, "हवी तशी जागा घ्यायची तर मोजायचं कशाला?" त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच संताप आला. ड्रोन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात जायचा होता. उरलेल्या बुडख्यांवरून तीन जाती ओळखता आल्या. गवत आदल्या दिवशी कापलं आहे, असा शेराही लिहिला. त्या शेऱ्याचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. दोनदा विचारलं, दोनदा 'बघतो' ऐकलं.

आबा बांधावर बसून कौतुकाने पाहत होते. "आता सोपं गेलं का न्हाई मोजायला?"

"हो आबा," मी म्हटलं. त्या चेहऱ्याकडे बघून खरं सांगवेना.

उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "ताई, माळावर जेसीबी आलाय. खड्डं काढत्यात. मेंढरं कुठं न्यायची? तुमी मोजलं व्हतं न्हवं? तेवढा कागद दाखवा की त्यास्नी."

कागद माझ्यासमोरच होता. माझ्याच अक्षरात तीन नावं.

"आबा, कागदात काही नाही हो."

पलीकडे जेसीबीची घरघर चालू होती. तिच्यावर आवाज चढवत ते म्हणाले, "आसं कसं? म्या तर समदं साफ करून दिलं व्हतं."