दुर्बिणीतून झालेली जखम

माणसाला चेहऱ्यापेक्षा बेंबीवरून ओळखणारी व्यक्ती अख्ख्या नाशकात एकच होती, आणि ती आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायची. मुलांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात त्यांचा जन्म गेला. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची, त्यांचे यजमानसुद्धा. अपेंडिक्स हल्ली बेंबीपाशी बारीकसं भोक पाडून, आत दुर्बीण घालून काढतात, त्यामुळे बेंबी हेच सिस्टरांचं दैवत. ऑपरेशनआधी ती त्या स्वतः साफ करत, आणि आतून काय काय निघालं ते आम्हाला नेमकं चहाच्या वेळी सांगत. एकदा म्हणे मुगाचा दाणा निघाला होता. हात धुण्याचं वेड तर विचारूच नका. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींना कोपरापर्यंत हात धुवायला लावले, आणि गुरुजींनी मुकाट्यानं धुतले.

माझ्या नऊ वर्षांच्या सईचं अपेंडिक्स त्यांच्याच वॉर्डात निघालं. कापण्याआधी अँटिबायोटिक गेलं ना, अपेंडिक्स जखमेला लागू नये म्हणून पिशवीत घालूनच बाहेर काढलं ना, हे त्या थेट सर्जनला विचारत. आम्हाला घरी सोडताना एकच हुकूम होता: पट्टीला हात लावायचा नाही.

सिन्नरहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी तो ऐकलेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी सई पोट दुखतंय म्हणाली आणि आजीनं घरोघरचा उपाय केला. पट्टी सोडवली आणि हिंग कालवून बेंबीत भरला. संध्याकाळी सिस्टर आल्या आणि वासानं दारातच थबकल्या.

सासूबाई म्हणाल्या, "दुर्बिणीतून केलंय ना? मग जखम कशाची? डाक्टरनी लांबूनच पाह्यलं आसंल."

एरवी जगावर रागावणाऱ्या सिस्टर तेव्हा रागावल्या नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी हात धुतले, जखम स्वच्छ केली, सईला लगेच सर्जनला दाखवून आणलं. आता जखम चिघळते का, ताप चढतो का, एवढंच पाहायचं होतं. ड्यूटीला जाता-येता त्या बॅटरी घेऊन सईपाशी बसत. सासूबाईंनी अन्न सोडलं. मी त्यांना धीर द्यायला हवा होता, पण मी धुमसत होते, खोटं कशाला सांगू?

पाचव्या दिवशी सिस्टरांनी बॅटरी विझवली. "आजी, जखम कोरडी आहे. आता जेवा," म्हणाल्या, आणि स्वतःही पाटावर बसल्या. दुर्बीण पोटात कशी शिरते ते त्यांनी आमटीभात कालवता कालवता समजावलं. सासूबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

गेल्या महिन्यात सिस्टर निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला गेल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा कॉलेजातल्या सईलाही त्यांनी बेंबी दाखवायला लावली. चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं.

"कुठं गं होती जखम?"

सईला सांगता येईना, मलाही येईना. सिस्टर इतक्या खूश झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. बाईंनी काम असं चोख केलं की दाखवायला काही उरलंच नाही. समोरच्या दाराला आता कुलूप आहे, आणि मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.