बोलायची जागा

कॅथरिनबाई मूळच्या वसईच्या. शेजारी बसलेल्या माणसाचं गाव, मुलंबाळं आणि दुखणीखुपणी विचारल्याशिवाय त्यांना बसल्यासारखं वाटतच नाही. परदेशात मुलाकडे ओकव्हिल शहरात होत्या तोवर हे सुखाने चाललं होतं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपली की पार्किंगमध्ये त्यांची वेगळी सभा भरायची, आणि मुलगा ऍलन गाडीत बसून वाट बघायचा. मग ऍलनला नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात नोकरी मिळाली आणि बाईंच्या तोंडाला कुलूप लागलं. इथली माणसं चांगली, अगदी आपल्यासाठी दार धरून उभी राहणारी. पण "हाउ आर यू" विचारून उत्तराला काही थांबायची नाहीत. ऍलन तर जन्माचा घुमा. ऑफिसात कसं चाललंय म्हटलं की "गुड, मम्मी" म्हणून मोकळा. आपल्याला इथे करमत नाही, हे बाईंनी त्याला कळू दिलं नव्हतं. पोराची नोकरी नवी, त्याच्या जिवाला आणखी घोर कशाला?

थंडीने गुडघे धरले, तेव्हा ऍलनने त्यांना समुद्रकाठच्या सॉनात नेलं. लाकडी खोली, आत पेटती भट्टी, तिच्यावर तापलेले दगड आणि बाकांवर खेटून बसलेली सहा-सात माणसं. बाईंचा जीव हरखला. त्यांनी लगेच शेजारच्या पिकल्या केसांच्या बाईला विचारलं, "यू हॅव चिल्ड्रन?" तिने हसून भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. आत बोलायचं नाही, असा नियम होता.

पुढच्या शनिवारी त्या नुसत्या घाम गाळत बसल्या. इतक्या गप्प त्या कन्फेशनच्या रांगेतही कधी राहिल्या नसतील. पण खिडकीतून एक गोष्ट त्यांनी बरोबर हेरली. हीच मुकी मंडळी पायऱ्या उतरून गारठलेल्या समुद्रात शिरली, की गळ्यापर्यंत बुडून खुशाल गप्पा मारत उभी राहायची.

आता आली का पंचाईत. तापल्या अंगावर गार पाणी घ्यायचं नाही, हे बाईंनी ऍलनला लहानपणापासून दटावून सांगितलेलं. आठवडाभर त्यांचं मन मागेपुढे होत राहिलं. शेवटी बोलण्याची हौस जिंकली.

शनिवारी त्या लेगिंग्ज आणि ऍलनचा जुना टी-शर्ट घालून निघाल्या. "मम्मी, आर यू शुअर?" टॉवेल धरून धक्क्यावर उभा असलेला ऍलन म्हणाला. त्या पायऱ्या उतरल्या, कमरेपर्यंत गेल्या, आणि श्वासच अडकला. पिकल्या केसांच्या बाईने पटकन त्यांचा हात धरला.

"आय अॅम मॉरीन," ती म्हणाली. "व्हॉट्स युअर नेम?"

या गावात आल्यापासून दवाखाना सोडून कुणी हे विचारलं नव्हतं. सांगायचं इतकं साठलं होतं, आणि तोंडातून नुसतं हूं हूं.

"टेक युअर टाइम, डिअर," मॉरीन म्हणाली आणि खरोखरच हात धरून थांबली.

बाईंना श्वास सापडला, पण इंग्रजी सापडेना. "करमत नाही गं मला इथे," त्या म्हणाल्या. "अजिबात करमत नाही." आणि त्या घळाघळा रडायला लागल्या. मॉरीनला एक अक्षर कळलं नसेल, पण तिने हात सोडला नाही.

धक्क्यावरच्या ऍलनला मात्र सगळं कळलं.

"मलापण नाही, मम्मी," तो म्हणाला. "नॉट वन डे. मला वाटलं, यू लाइक इट हिअर."

बाईंनी डोळे पुसले आणि वर बघितलं. जाडजूड कोटात हनुवटीपर्यंत बंद झालेलं आपलं पोर त्यांनी नीट न्याहाळलं.

"मग तिथे काय उभा राहिलास?" त्या दात वाजवत म्हणाल्या. "बूट काढ आणि ये इकडे."