तांदळाचं पीठ आणि सोनेरी पावडर

लेक पुण्याला नोकरीला गेली आणि जाताना घरात एक खोका ठेवून गेली. त्यात रबरी ठसे होते, चिकट शाईची चपटी डबी होती, सोनेरी पावडरीच्या बाटल्या होत्या, आणि केस वाळवायच्या यंत्राची धाकटी बहीण शोभेल अशी एक हीट गन होती. नाशिकला शिकत असताना हॉस्टेलच्या मुलींकडून ती कार्डं बनवायला शिकली होती. आता पुण्यात एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करायचं म्हटल्यावर कार्डं कुठली?

"तूच घे, आये. तुझा वेळ जाईल," म्हणाली.

जसा काही माझ्याकडे वेळ पडून होता! मी मोखाड्यात ब्लाउज शिवते. लग्नाचे दिवस आले की बायका दारात बसून राहतात आणि गळा मोठा झाला तरी मीच गुन्हेगार. पण खोका मी ठेवून घेतला. तिच्या हाताचं काहीतरी घरात राहतंय, एवढंच तेव्हा मनात होतं.

जायच्या आदल्या दुपारी तिने मला सगळं करून दाखवलं. ठसा शाईत दाबायचा, जाड कागदावर सरळ टेकवायचा, सरळच उचलायचा. शाई ओली असेपर्यंत वर पावडर भुरभुरायची. मग कागद उलटा करून टिचकी मारायची, म्हणजे जादाची पावडर खाली पडते आणि ठशापुरती तेवढी राहते. तोवर काही बघण्यासारखं नसतं, फुलावर धूळ बसल्यासारखं दिसतं. मग गरम हवा लावायची. थोडा वेळ काहीच होत नाही. आणि एकदम, एका कडेने, ती धूळ वितळते, चमकते आणि कागदावर उठून येते.

"बघ, बघ, आता बघ!" ती ओरडली. एवढी मोठी नोकरीवाली बाई, पण तोंड अगदी जत्रेतल्या पोरीसारखं झालेलं. मी कार्डाकडे बघितलंच नाही. कार्ड पुढे किती बघायला मिळणार होतं, ती मिळणार नव्हती.

मग मी तिला कार्डं पाठवायला लागले. सणाला एक, तिच्या वाढदिवसाला एक, आणि मध्येच कधी उगीच. पोस्टातले लोक ओळखायला लागले. सुरुवातीला पुष्कळ कागद वाया गेला. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, तिथे कागदाचं काय! पावडर ठशावर बसायची तशीच आजूबाजूलाही चिकटायची. मग कागदावर आधी तोंडाला लावायची टाल्कम पावडर चोळून घ्यायची युक्ती मला सापडली. वीज गेली की कोळशाची इस्त्री होतीच. झाकण उघडायचं आणि चिमट्याने कार्ड निखाऱ्यांवर उंच धरायचं. खालून आच लागली तरी ठसा तसाच फुलतो, फक्त हात वेळेवर मागे घेता आला पाहिजे, नाहीतर कागद करपतो.

आमचे हे मोखाडा–जव्हार जीप चालवतात. दुपारी जेवायला आले की माझ्याकडे बघत उभे राहायचे.

"कागदाला शेकत्येस कशाला? सर्दी झाली का त्याला?"

"तुमच्या जीपचं इंजीन शेकू का मग?"

"शेक. निदान घाटात तरी चढेल."

असं आमचं चालायचं. पण कार्ड पाकिटात घालायच्या आधी ते हळूच बोट फिरवून बघायचे, हे मला ठाऊक होतं.

आणि लेकीकडून काय यायचं? मोबाइलवर एक अंगठा. कधी "मिळालं". कार्ड कसं झालंय, कोणाला दाखवलं, कुठे लावलं, एक शब्द नाही. मला राग यायचा. एवढी मरमर करून पाठवायचं आणि समोरून अंगठा! ह्यांना म्हटलं तर म्हणायचे, "कामात असंल ती." कामात मी नव्हते का?

मागच्या दिवाळीच्या आधी मला तिला "ये" म्हणायचं होतं. पण फोनवर म्हटलं की चिडायची. "आये, सुट्टी माझ्या हातात हाय का?" म्हणून ठरवलं, तोंडाने विचारायचं नाही, कार्डावरच काढायचं.

माझं माहेर साखरशेतचं. तिथे नवा भात घरात आला की बायका तांदळाचं पीठ पाण्यात कालवून कणगीजवळ ठसे देतात. मुठीची कड पिठात बुडवून टेकवायची, वर बोटाने पाच टिपके द्यायचे, की लहान पाऊल उमटतं. दारापासून आत कणगीपर्यंत पावलं जातात. लेक चालायला लागली तेव्हा तिचीच मूठ धरून मी ती काढायचे. म्हटलं, तीच कार्डावर काढू. मूठ मोठी पडते, म्हणून करंगळीच्या बाजूचा एवढासा भाग टेकवायचा.

पण शाईची डबी वाळून खडखडीत झालेली. मोखाड्याच्या बाजारात नाही, जव्हारला ह्यांनी दोन दुकानं पालथी घातली, तिथे ऑफिसातल्या शिक्क्याची निळी शाई मिळाली. ती क्षणात वाळते, तिच्यावर पावडर कशी बसणार? मी काय केलं, तांदळाचं पीठ कालवलं. आमच्याकडे ठसा म्हणजे पीठच, दुसरं डोक्यात यायचं कारण नाही. ओलं होतं, चिकट होतं, पावडर झकास बसली. हीट गन लावली आणि पाऊल चमकायच्या ऐवजी तडतडायला लागलं! आतल्या पाण्याची वाफ झाली आणि वितळलेल्या सोन्याखालून फोड वर आले. गुळगुळीत व्हायची ती पावलं खडबडीत, जाड, उन्हात अनवाणी चालून आल्यासारखी झाली.

मी कपाळावर हात मारला. दुसरं करायला घेतलं, त्याचीही तीच गत. मग पहिलंच परत हातात घेतलं आणि बघत बसले. फेकवेना. कार्डाच्या एका कडेला मी त्याच पिठाने पुण्याच्या उंच इमारती उठवल्या होत्या, दुसऱ्या कडेला आमचं कौलारू घर. पावलं इमारतींकडून घराकडे येत होती. खाली काही लिहिलं नाही. यातूनही कळत नसेल तर माझी लेक कसली!

स्पीड पोस्टने पाठवलं. चौथ्या दिवशी अंगठा आला.

दिवाळीला ती आली नाही. दवाखान्यात माणसं कमी होती म्हणे. वाघबारशीला, पाडव्याला, प्रत्येक जीप थांबली की मी मशीनवरचा पाय थांबवायचे. हेही त्या दिवसांत काही चिडवायचे नाहीत. करंज्या डब्यात तशाच मऊ पडल्या.

भात झोडून झाल्यावर मीच पुण्याला गेले. त्र्यंबकवरून नाशिक, तिथून पुढे बस, मांडीवर नव्या तांदळाची आणि नागलीच्या पिठाची पिशवी. तिची खोली लहान, पण नीटनेटकी. मी पाणी प्यायच्या आधी भिंती बघितल्या. एका भिंतीवर कॅलेंडर, दुसरीवर आरसा. माझं एकही कार्ड नाही. कपाटावर नाही, खिडकीत नाही. मी विचारलं नाही. भाकऱ्या थापल्या, तिचे कुर्ते कंबरेत आत घेतले, शेजारच्या मुलीशी गोड बोलले. आतून मात्र जळत होते. दोन दिवस असे गेले आणि परतीच्या बसला ती मला सोडायला आली.

बसची खिडकी उघडी होती, ती खाली उभी. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तीच म्हणाली, "आये, कार्डं नको पाठवत जाऊ."

माझा चेहरा पडला असणार. "का? आवडत नाय?"

"मी ती फोडतच नाय." तिने खिडकीच्या गजाला धरलं. "सगळी पेटीत हायत, बंद. पाकीट हातात घेतलं का बोटांना लागतं, तू काय काढलंस ते. फूल हाय का पक्षी हाय, वरूनच कळतं. मग मला रडू येतं. आणि माझी ड्युटी असते. रडून सुई कशी टोचू मी लोकांना?"

मी मांडीवरच्या रिकाम्या पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"दिवाळीचं पण?" एवढंच विचारलं.

"पावलं होती," ती म्हणाली. "घराकडं चाललेली. मी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. कुठूनही धरलं तरी घराकडंच जात होती."

कंडक्टरने घंटी मारली. ती बसबरोबर थोडं चालली, मग थांबली. त्र्यंबकचा घाट येईपर्यंत मी रडत होते आणि लाज वाटत नव्हती.

कार्डं मी अजून पाठवते, ते काही मला सुटायचं नाही. पण तिच्यासाठी करते ती नुसत्या निळ्या शाईने. पावडर घालत नाही, तापवत नाही. पाकिटावरून कितीही हात फिरवला तरी तिला काही लागू नये, म्हणून.