पहिल्या रांगेतली जवानाची बायको

कारगिलची लढाई चालू होती तेव्हा आमच्या घरात टीव्हीवरची एकही चर्चा चुकत नसे. माझा धाकटा दीर सैन्यात होता. तिकडेच कुठेतरी वर होता, पण नक्की कुठे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी चर्चा सुरू झाली की धाकटी जाऊ भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर यायची. तिला सातवा महिना लागला होता. भिंतीला धरून हळूहळू खाली बसायची. मी आत जाऊन तिची भाकरी उलटायची.

निवडणुका तोंडावर होत्या. चर्चेत चार पुढारी बसायचे आणि सगळेच लढाईवर बोलायचे. कुणी उसाच्या दराचं विचारलं की पुढारी म्हणायचा, "जवान रक्त सांडत असताना हे प्रश्न शोभतात का?" पाण्याचं विचारलं तरी तेच. मी मूळची वाईची, आष्ट्याजवळच्या या गावात लग्न होऊन आलेली. मुळात संशयी नव्हते, पण तेव्हापासून झाले. आमचा माणूस तिकडे होता, बातमीची भूक आम्हालाच जास्त होती. पण तासभर ऐकूनही त्यातून बातमी म्हणून काही हाताला लागत नसे.

एकदा न राहवून मी टीव्ही बंद केला. जाऊ म्हणाली, "आक्का, लावा की. मधीच कायतरी सांगत्याल."

मी पुन्हा लावला.

मग एक दिवस दारात जीप आली. तालुक्याचा एक कार्यकर्ता आणि चॅनेलची एक मुलगी उतरली. सांगलीत पुढाऱ्यांची चर्चा घेणार होते, लोकांसमोर. जवानाच्या घरची बाई त्यांना पहिल्या रांगेत हवी होती. आमच्या घरचा माणूस सीमेवर आहे हे यांना कुणी सांगितलं, असं मी विचारलं, तर कार्यकर्ता नुसता हसला. मला ते हसणं आवडलं नाही. पण सासरे म्हणाले, "जाऊ द्या तिला, प्रश्न तरी इचारता ईल." प्रश्न म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गावच्या दवाखान्यात बाई डॉक्टर नव्हती. अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून सांगलीला न्यावं लागायचं. मागच्याच महिन्यात आमच्या गल्लीतली एक पोरगी वाटेतच बाळंत झाली होती.

सोबत म्हणून मी गेले. हॉलमध्ये दिव्यांचा एवढा उजेड आणि एवढी धग, की पंखे फिरत असूनही अंगाला धारा लागल्या. चॅनेलची मुलगी जावेपाशी वाकून गोड बोलली, "ताई, तुम्ही एवढंच विचारायचं, जवान लढत असताना राजकारण करावं का?"

जावेनं मान हलवली. मला वाटलं, झालं, ही तेच विचारणार.

माइक हातात आला तशी ती उठून उभी राहिली. "आमच्या दवाखान्यात बाई डॉक्टर कवा येणार?"

समोरचा पुढारी हात जोडून म्हणाला, "ताई, तुमचे पती देशासाठी लढताहेत. त्यांना माझा सलाम." टाळ्या पडल्या.

"ते हाईतच की तिकडं," जाऊ म्हणाली. "मी हितलं इचारतीया."

तेवढ्यात माइक पुढे गेला. ती खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

दोन दिवसांनी चर्चा लागली. घर माणसांनी भरलं होतं. जावेचा प्रश्न आलाच नाही. एक पुढारी शहिदांबद्दल गहिवरून बोलत होता, आणि मध्येच पडद्यावर जाऊ दिसली, पदर डोळ्यांशी नेलेली. रडणारी.

चर्चा संपायच्या आत दारात बायका जमायला लागल्या. कुणी काही विचारेना, नुसत्या सासूबाईंच्या जवळ येऊन बसायच्या. एकीनं तर हुंदकाच दिला. "आवं, काय झालंच न्हाई!" सासूबाई ओरडल्या.

जावेनं माझा दंड धरला.

"आक्का, त्यास्नी कायतरी कळलं आसंल का? म्हणून दावलं आसंल मला?"

"अगं, तू घाम पुसत होतीस. मी शेजारीच होते ना!"

"ते खरं. पर दावलं का मग?"

दुसऱ्या दिवशी माझे यजमान आणि सासरे एका निवृत्त सुभेदारांना घेऊन एसटीडी बूथवर जाऊन बसले. पलटणीच्या ठाण्यावर फोन लागायला दुपार झाली. दीर सुखरूप होता. तोवर जाऊ पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

पुढे लढाई संपली. जावेला मुलगी झाली, सांगलीतच, वेळेवर पोचलो म्हणून. दीर सुट्टीवर आला तेव्हा प्रचार ऐन रंगात होता. लढाई संपली तरी चर्चेतली चालूच होती. दीर दोन मिनिटं ऐकायचा आणि मुलीला उचलून अंगणात जायचा.

तीच जीप पुन्हा आली. आता त्यांना दीर हवा होता, वर्दीत. "आमाला परवानगी नसती," तो म्हणाला आणि त्यांना चहा पाजला.

सासरे म्हणाले, "मग सूनबाईला तरी जाऊ दे. डॉक्टरचं इचारंल परत."

जाऊ उंबऱ्यात उभी होती, मुलगी खांद्यावर. "नगं," ती म्हणाली. "ह्या खेपंला काय दावत्याल, कुणी सांगावं?"

मीही नकोच म्हटलं. जीप शेजारच्या गावाला गेली. तिथली एक म्हातारी पुढच्या आठवड्यात टीव्हीवर दिसली. ती खरंच रडत होती की काय, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. बाई डॉक्टर त्या वर्षी आली नाही, आणि त्यानंतर आमच्या घरातून तो प्रश्न माइकवर कुणी विचारला नाही.