चेअरमनांच्या घोडीच्या खोडी

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. शिरूर तालुक्यात भीमेकाठी जनावरांच्या दवाखान्यात मी स्टॉकमन होतो. गाव मला डाक्टर म्हणायचं. तालुक्याचा खरा डॉक्टर मला 'अरे' म्हणायचा. वडगाव रासाईच्या पुढं नदीकडेनं पसरलेल्या वाड्यावस्त्या माझ्याकडं होत्या. रस्ता नव्हता, काळी माती होती. पाऊस झाला की सायकल मला न्यायची नाही, मीच तिला खांद्यावर न्यायचो.

म्हणून घोडं लागायचं. माझ्या आधीच्या स्टॉकमननं बदलीवर जाताना आपलं तट्टू माझ्या गळ्यात मारलं होतं. ते एवढं बुटकं होतं, की त्यावर बसून हरभऱ्याच्या रानातून गेलो तर माझे पाय घाट्यांना लागायचे. मी बौद्ध. आमच्या घरी दीक्षा झाली तेव्हा मी शाळेत होतो. वरच्या आळीतून त्या तट्टावर बसून निघालो की लोक हसायचे, आणि हसायला मिळतंय तोवर त्यांची काही तक्रार नव्हती. गाढवासारख्या दिसणाऱ्या घोड्यावर आमच्या माणसाला बसायला परवानगी होती.

एका उन्हाळ्यात तट्टू ओढ्याच्या सावलीला बसलं ते उठलंच नाही. मग मी ठरवलं, आता घोडा घ्यायचा तो घोड्यासारखा.

दवाखान्याचे शिपाई निवृत्तीला आलेले धनगर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. तरुणपणी त्यांनी कुठल्याशा पलटणीत घोड्यांची निगा राखायची मोतद्दारी केली होती. घोड्याचे दात बघून ते वय सांगत आणि मालकाचे दात बघून किती खोटं बोलतोय ते सांगत. रजेच्या दिवशी आम्ही दोघं घोडे बघत फिरू लागलो.

पहिला बघितला दौंडला, स्टेशनाबाहेर. टांगेवाला म्हणाला, "साहेब, घोडा न्हाई, बंदुकीची गोळी हाय." मी बसलो. गोळी मोठ्या ऐटीत सुटली आणि शंभर पावलांवर एका किराणा दुकानासमोर थांबली. टाच मारली, लगाम ओढला, विनवण्या केल्या. हालेना. शेवटी मी उतरलो, तसा तो लगेच पुढं निघाला. पुढच्या चौकात मामा बसले, तिथंही तेच. आयुष्यभर त्यानं उतारू पोचवले होते. माणूस उतरल्याशिवाय काम पुरं झालं असं त्याला वाटतच नव्हतं. पुढं सरकारी कचेऱ्यांमध्ये मला याच्या अगदी उलट स्वभावाची माणसं भेटली.

दुसरी शिरूरच्या बाजारात. पांढरी, देखणी, वरातीतली. मालक तिची तारीफ करत होता, तेवढ्यात पलीकडं कुणीतरी दवंडीची हलगी वाजवली. घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि नाचत नाचत भाजीच्या पालांत शिरली. मामा म्हणाले, "साहेब, ही घ्यायची तर दरसाल लगीन करावं लागंल."

मग कळलं, की एका सोसायटीच्या चेअरमनांना घोडी विकायची आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून त्यांची नातवंडं राज्य करतात. त्यांच्याकडं माझं जाणंयेणं होतं. त्यांच्या म्हशीचं आडवं आलेलं रेडकू मी खांद्यापर्यंत हात घालून काढलं होतं. तेव्हा कुणाला विटाळ झाला नव्हता. चहा मात्र मला नेहमी बाहेरच्या ओट्यावर, कान तुटलेल्या कपात मिळायचा आणि तो कप मीच विसळून देवळीत उपडा ठेवायचा.

सकाळी नवाच्या सुमाराला आम्ही पोचलो. चेअरमनांनी घोडी अंगणात आणवली. तांबूस काळसर, पाणीदार डोळ्यांची, मान अशी की बघत राहावं. घोडी बघायला आलोय म्हणताच त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, की बीडीओ साहेबांनी मला पाठवलंय.

"साहेबांना सांगा, अशी घोडी दोन तालुक्यांत न्हाई. ल्हान लेकरू बसवा पाठीवर, पडायचं न्हाई. पाण्यातनं जाती, अंधारातनं जाती. गायीवानी गरीब. कवा धाडू बंगल्यावर?"

मी म्हणालो, "आबा, साहेबांना नाही. मलाच पाहिजे."

चेअरमनांनी हातातली सुपारी तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. मग म्हणाले, "चावती ती."

"चावते?"

"कडाडून. मागल्या म्हैन्यात गड्याचा खांदा फोडला."

मामांनी आपला हात घोडीच्या तोंडापाशी नेला. घोडीनं तो चाटला.

"लाथाबी मारती."

मामा मागं गेले, शेपूट बाजूला केलं, मागचा खूर उचलून मांडीवर घेतला. घोडी उरलेल्या तीन पायांवर डुलकी काढत होती.

"आन् सांजचं दिसत न्हाई तिला," चेअरमन म्हणाले. सकाळ असल्यामुळं ही खोड तपासता येणार नव्हती. ते जरा खुशीत आले. "शिवाय डोळ्याखाली भोवरा हाय. आसूढाळ. अशी घोडी घरादाराला रडवती."

मामा वाकून बघून म्हणाले, "भोवरा तर दिसत न्हाई, आबा. पर असंल तर इकूनच टाका की. तुमच्या घरातनं इडापिडा जाईल."

मालाच्या खोडी झाकणारे विकणारे मी खूप पाहिले होते. नसलेल्या खोडी जोडणारा हा पहिलाच. आणखी पाच मिनिटं उभे राहिलो असतो तर त्यांनी घोडीला तीनच पाय आहेत असं शपथेवर सांगितलं असतं.

शेवटी ते मायेनं म्हणाले, "डाक्टर, तुमाला सायकलच बरी. हे बगा, म्या शिवाशीव मानत न्हाई, तुमाला ठावं हाय. पर गाव वंगाळ. गावाला बरं दिसायचं न्हाई."

अंगणात त्या वेळी गाव नव्हतं. ते होते, मी होतो, मामा होते आणि घोडी होती. घोडीची काही हरकत दिसत नव्हती.

आणि मी काय केलं? हसलो. "बरोबर आहे, आबा," असंही म्हणालो. चहा आला तो घेतला, कप विसळला, देवळीत उपडा ठेवला. वाटेत मामांवर खेकसलो, "तुम्ही तरी त्यांना चार शब्द सुनवायचे!"

मामा म्हणाले, "म्या शिपाई. साहेब तुमी हाय."

मी पुढचा कोसभर त्यांच्या दहा पावलं पुढं चाललो.

घोडा मिळाला तो दौंडलाच. रेल्वेतून निवृत्त झालेला एक इंजिनड्रायव्हर, कुठला तरी दूरचा, मुलीकडं राहायला निघाला होता. त्याच्याकडं एक उंचापुरा तपकिरी घोडा होता. म्हातारा अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचा. घोडा कुठं बांधणार, पाणी कोण दाखवणार, चाबूक वापरता का, असं त्यानं खोदून खोदून विचारलं. माझी जात विचारली नाही, वजन विचारलं. मग म्हणाला, "एकच खोड आहे. बकरी से डरता है."

शिरूरकडं न्यायच्या घोड्याला यापेक्षा गैरसोयीची खोड शोधून सापडली नसती. पण मला ती फार आवडली. खरी होती. सौदा झाला, आणि भीमेच्या कडेनं, शेळ्यांचे कळप लांबून टाळत, मी दिवसभरानं गावाच्या वेशीपाशी आलो.

वेशीत पार होता, पारावर वरच्या आळीची पाचसहा माणसं होती. सगळ्यांनी घोडा बघितला. यावेळी कुणी हसलं नाही. तेव्हा मला कळलं, की हसणं बरं होतं.

मी उतरलो. खोगिराचा तंग ढिला झालाय असं दाखवत खाली वाकलो आणि पार ओलांडेपर्यंत घोडा हातानं धरून चालवला. दुसऱ्या दिवशीही तंग तिथंच ढिला झाला. तिसऱ्याही. पंधरा दिवसांनी मामांनी अगदी भोळेपणानं विचारलं, "साहेब, ह्यो तंग वेशीतच कसा ढिला व्हतो?" मी त्यांना दवाखान्याच्या बाटल्या धुवायला सांगितल्या. सगळ्या.

मग एका दुपारी पारावरच्यांपैकीच एकजण धावत आला. त्याचा बैल ओला घास खाऊन फुगला होता, वस्ती लांब होती. मी घोड्यावर बसलो, तो रिकीब धरून बाजूनं पळू लागला. वेशीत सवयीनं मी लगाम खेचला, तसा तो ओरडला, "उतरू नका, डाक्टर! बैल जाईल माझा! हाना!"

मी हाणला. बैल वाचला. दुसऱ्या दिवशी मी पारापाशी उतरलो नाही, तेव्हा तोच माणूस म्हणाला, "कालची गोष्ट येगळी व्हती, डाक्टर."

"व्हय," मी म्हणालो. "आता तंग घट्ट केलाय."

एवढं म्हणेपर्यंत घोडा पार ओलांडून गेला होता.

गावानं मग निनावी अर्ज केला, की स्टॉकमन उर्मटपणे घोड्यावर बसून हिंडतो. चौकशीला एक साहेब जीपमधून निघाले. गावापासून दोन मैलांवर जीप चिखलात रुतली. निरोप आला म्हणून मी घोडा घेऊन गेलो. साहेब घोड्यावर बसले, मी लगाम धरून पुढं चिखलातून चाललो आणि अशा थाटात आम्ही माझी चौकशी करायला गावात शिरलो. पारावरचे सगळे उभे राहिले.

अहवालाची नक्कल पुढं माझ्या हाती आली. साहेबांनी लिहिलं होतं, की भागाची परिस्थिती पाहता घोडा आवश्यक आहे, आणि तो स्वभावानं शांत आहे. माझ्याविषयी त्यात एक ओळही नव्हती.