आप्पांचा हेडलाइट

माझे सासरे आप्पा वारले आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत त्यांच्या मोटारसायकलची बॅटरीही वारली. यातल्या पहिल्या घटनेत माझा हात नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नेरूळला नवेच राहायला आलो होतो. तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये इमारतींपेक्षा पाट्याच जास्त होत्या. खाडीच्या बाजूला मोकळे प्लॉट, आणि जिथे अजून रस्ताच नव्हता तिथे रांगेत उभे दिव्यांचे खांब. मी वाशीच्या मार्केटात वजनकाट्यावर कारकून. काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही माझी शिस्त. घरातही तीच.

आप्पा सातारचे. निवृत्त झाल्यावर सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, आणि आपल्या साडेतीनशे सीसीच्या जुन्या गाडीला घेऊन ते आमच्याकडे आले. त्यांनी जास्त कुणाला जपलं यावर घरात दोन मतं होती (आक्कांचं एक, बाकी सगळ्यांचं दुसरं). गाडीचं वजन एकशे अडुसष्ट किलो. ती घरात कुणालाच पेलणारी नव्हती आणि सोसायटीतली जिन्याखालची माझी एकमेव जागा अडवून बसली होती. म्हणून आप्पा गेल्यावर मी ती विकायची ठरवली. खांदेश्वरचे एक गृहस्थ तयार झाले. दहाव्या दिवशी घरचे सगळे तलावावर असणार, त्यांनी दहा वाजता यायचं, मी विधीतून हळूच निसटून गाडी द्यायची. गेलेली वस्तू माणसं लवकर विसरतात, असा माझा अंदाज. घरात मी एका शब्दाने बोललो नव्हतो. बायकोलाही नाही!

गाडी चालू स्थितीत दाखवायची म्हणून मी रोज तिन्हीसांजेला कामावरून येताना जिन्याखाली वाकायचो, चावी लावायचो आणि हेडलाइट दहा मिनिटं पेटता ठेवून तपासायचो. इंजिन बंदच, कारण आवाज झाला तर घरात कळणार. नऊ संध्याकाळी, रोज दहा मिनिटं. आठव्या दिवशी दिवा पिवळा दिसला. काच मळली असेल म्हणून मी काच पुसली.

दहाव्याच्या सकाळी धुकं असं दाट पडलं होतं की समोरची इमारत कुणी उचलून नेल्यासारखी वाटत होती. साताऱ्याहून आलेला माझा मेहुणा संपत पिंडाचं सामान उचलत होता, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "गाडी बी घ्या संगं."

"गाडी? तलावावर?" मी विचारलं.

"त्येंचा जीव गाडीत हुता, जावईबापू. ती न्हाय तर कावळा शिवायचा न्हाय."

संपतने चावी लावून चौदा किका मारल्या. इंजिन ढिम्म. हेडलाइटचं बटण दाबलं, तर आतली तार निखाऱ्यासारखी लालसर झाली आणि विझली.

"दाजी, बॅटरी पार बसलीय. हिला बॅटरीबिगर ठिणगीच पडत न्हाय."

"असं कसं झालं?" मी म्हणालो. (खरंच कळलं नव्हतं हो मला!) बंद गाडीला चावी ठेवायची नाही, हा माझा नियम. मी ती काढून खिशात टाकली आणि आम्ही दोघांनी गाडी ढकलत नेली. आठशे बारा पावलं. धुक्यातून खांब एकेक करून पुढे येत होते, आमच्याकडे बघत होते आणि मागे जात होते. आपल्या मागून आणखी कुणीतरी ढकलतंय असं मला दोनदा वाटलं, कारण चढावर गाडी हलकी झाली. मी वळून पाहिलं नाही. काटा स्थिर नव्हता.

तलावाच्या पायऱ्यांवर विधी झाला. पिंड मांडले. आम्ही सगळे चार हातांवर उभे राहिलो. कावळे होते. मोजून सात. त्यातला एक मोठा, मानेवर राखाडी, सरळ उडत आला आणि पिंडावरून पुढे जाऊन लांब उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या हँडलवर बसला. पाणी हलत नव्हतं. कावळ्याने मान वाकडी करून हेडलाइटच्या काचेत पाहिलं आणि चोचीने दोनदा टकटक केलं.

"बघितलंस?" आक्का माझ्या बायकोला, कुंदाला, म्हणाल्या. "सांगत हुते ना मी! रोज तिन्हीसांजला त्यो दिवा आपसूक लागतुया. खालच्या भिंतीवर उजेड पडतो. इंजान न्हाय, मानूस न्हाय, नुसता उजेड! त्ये येऊन बसत्यात."

नऊ गुणिले दहा म्हणजे नव्वद मिनिटं! बॅटरी कुणी मारली ते मला त्या क्षणी कळलं, आणि भूत कोण तेही.

"आई, भास असेल," कुंदा म्हणाली.

"धा येळा भास हुतो व्हय गं? मी मोजल्यात. काल तर दोन येळा. एकदा तिन्हीसांजला, आन् मागनं आपण पानं घेतली तवा."

पानं घेतली तेव्हा मी आक्कांच्या समोर बसून आमटी ओरपत होतो. नऊ वेळा माझ्या होत्या. मी मनात पुन्हा बेरीज केली. नऊच.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "साडेदहाला मला बेलापूरला दुसरं आहे. दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ, चालतं ते."

"अजाबात न्हाय!" आक्का कडाडल्या. "गवताच्या कावळ्यानं माझं मानूस सुटायचं न्हाय. गाडीत अडकलाय जीव. गाडी सुरू करा, मग बघा."

मग सगळी मंडळी पिंड सोडून गाडीभोवती जमली. कावळा उडून शेजारच्या पत्र्याच्या शेडवर बसला. संपत म्हणाला, "ढकलून काढू. चाक जोरात फिरलं की ठिणगीपुरता करंट हुतोय. दाजी, तुमी बसा. शेकंड गिअर, क्लच दाबून धरा, आमी पळवतो, मी 'सोड' म्हणलं की सोडा." मी बसलो. संपत मागून लागला, आणि बेलापूरच्या घाईने गुरुजींनीही धोतर खोचून हात लावला.

"सोड!"

गाडीने एक आचका दिला आणि उभी राहिली.

"इच्छा बोलून दावा," आक्का म्हणाल्या, आणि पिंडापुढे हात जोडतात तसे त्यांनी गाडीपुढे जोडले. "अवो, गावच्या शेवग्याला पानी घालायला मानूस ठिवते. सुरू व्हा."

ढकललं. आचका. शांतता.

"आप्पा, मी तंबाखू सोडतो," संपत म्हणाला. ढकललं. आचका.

"अर्धीच सोडणार आसंल, त्येंना कळतंय," आक्का म्हणाल्या.

"आप्पा, आईला मी अंतर देणार नाही," कुंदा रडत म्हणाली. ढकललं. गुरुजी एका बाजूला बसले. धुकं आणखी खाली उतरलं होतं. शेडवरून तो कावळा एकट्या माझ्याकडे बघत होता. बाकी कुणाकडे नाही! मी जागा बदलून पाहिली.

आक्का माझ्यासमोर आल्या. "जावईबापू, तुमीच तेवढं काय बोलला न्हाई. तुमच्या मनात काय हाय?"

पावणेदहा झाले होते. खांदेश्वरचे गृहस्थ निघाले असणार. आयुष्यात पहिल्यांदा मी काटा स्थिर व्हायच्या आधी आकडा बोललो.

"आक्का, गाडी मी विकायला काढली आहे. आज दहा वाजता माणूस न्यायला येणार आहे."

कुंदा म्हणाली, "अहो!" या एका शब्दात तिने मला नंतर वर्षभर पुरेल एवढं सुनावलं. आक्कांनी सीटवरून एकदा हात फिरवला, नीज आलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. हे मात्र मला सहन झालं नाही.

"नाही विकत," मी म्हणालो. "शब्द देतो."

"असा न्हाय. गाडीची चावी हातात घिऊन द्या."

मी चावी घ्यायला गाडीकडे हात नेला. चावी तिथे नव्हती.

ती माझ्या खिशात होती. आठशे बारा पावलं आणि चार धक्के, माझ्या उजव्या खिशात! मी ती बाहेर काढली. संपतने चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो सातारचा माणूस. एवढ्या लोकांत तो दाजीला काही बोलला नाही, फक्त घाम पुसला.

चावी मुठीत धरून मी शपथ घेतली, मग ती लावली, फिरवली आणि बसलो. "सोड!" गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि अशी धडाडली की शेडचा पत्रा वाजला. कावळा दचकून उडाला, पाण्यावर एक गिरकी घेतली आणि समोर कुणी नाही असं पाहून थेट पिंडावर उतरला.

"सुटलं!" आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "जावईबापूंच्या शब्दासाठी थांबलं हुतं."

मी काय सांगणार? चावीचं सांगितलं तर दिव्याचं सांगावं लागणार. खांदेश्वरचे गृहस्थ दहाला आले, अकराला गेले. ते वॉचमनला माझ्याविषयी जे बोलले ते मी इथे लिहीत नाही.

तेराव्यानंतर आक्का दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. कुंदाने विचारलं तर म्हणाल्या, "दिवा लागला न्हाय गं. पार गेलं वाटतं."

तिसऱ्या संध्याकाळी मी कामावरून आलो, जिन्याखाली वाकलो, चार्ज करून आणलेली बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. भिंतीवर उजेड पडला. त्या रात्री आक्कांनी दीड भाकरी खाल्ली. तेव्हापासून रोज दहा मिनिटं हा नियम झाला आणि दर रविवारी बॅटरी बसू नये म्हणून गाडी ढकलून सुरू करण्याचाही. संपत फोनवर एवढंच विचारतो, "दाजी, चावी लावलीय ना?"

तर आमच्या सोसायटीत भूत आहे का, असं कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगतो. आहे. वजन एकाहत्तर किलो, वाशीच्या मार्केटात काट्यावर नोकरी, पाठदुखी. निदान दहापैकी नऊ वेळा तरी!